मल्लिनाथचा संघबदल

मंगळवार, संध्याकाळ. सोलापूर

मल्लिनाथला आज सोडलं. आमच्या ऑनलाइन सायकल संघातला सगळ्यात वेगवान गडी. वळसंगला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एका जागी घट्ट बसवलेल्या सायकलवर तो पॅडल मारतो आणि शर्यत पडद्यावर पळते.

पुण्याच्या संघानं त्याला मागितल्याला तीन दिवस झाले होते. व्यवस्थापक मी, निरोपही माझ्याकडेच आला. त्याला सांगितला नाही. का? संघासाठी, असं स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे तो गेला की आम्ही खालच्या गटात जाणार, आणि ते माझ्या नावावर लागणार.

आज सहाला संघबदलाची मुदत संपत होती. पाचला फोन केला. मागे त्याचा पंखा घरघरत होता.

"पुण्याहून बोलावणं आलंय तुला. तीन दिवस झाले. मीच दाबून ठेवलं."

 त्यानं पंखा बंद केला.

"मला ठाव हाय की, मॅडम. त्यांनी मलाबी फोन केलता. तुमी सांगताय का, तेवढं बघत होतो."

"आणि नसतं सांगितलं तर?"

"तर ऱ्हायलो असतो की हितंच. पर मन लागलं नसतं."

रागावला नव्हता. तेच जास्त लागलं. पावणेसहाला मंजुरी देऊन टाकली.

रविवारी त्याच्या नव्या संघाशीच आमची शर्यत आहे. चढावर तो नेमका कुठं जोर लावतो, मला पाठ आहे. आमच्या बाकीच्यांना ते सांगणारच. तसं त्याला आत्ताच कळवलंय.