रायपूरच्या जुन्या शेलने केलेली यादी

उज्जैन, ८ नोव्हेंबर २०००, बुधवार

छत्तीसगढ वेगळं होऊन राज्याचे दोन भाग झाले, म्हणून कर्मचाऱ्यांच्याही दोन याद्या. त्या वेगळ्या करणारी स्क्रिप्ट माझी. इथे लिनक्सवर दहादा चालवून मगच रायपूर कार्यालयाला पाठवली. दुपारी तिथून तिवारीजींचा फोन आला. "अरे भैया, तुमने तो हम सबको छत्तीसगढ़ का बना दिया!" हसत होते, पण त्यांची आई इथे फ्रीगंजमध्ये एकटी आहे आणि यादी संध्याकाळी भोपाळला जाणार होती.

चूक दुहेरी कंसाची. नाव इकडच्या यादीत घ्यायचं का, ही अट मी दुहेरी कंसात लिहिली. आमच्या लिनक्सवरच्या बॅशला, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या नव्या शेलला, ती कळते. रायपूरच्या युनिक्सवरच्या जुन्या शेलला कळत नाही. तो ती खोटी धरून प्रत्येक नाव छत्तीसगढच्या यादीत टाकतो. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत मी जुनाच शेल मागितला होता, पण इथे त्या नावाने बॅशच चालतो, म्हणून चूक दिसली नाही. हे आधी का नाही पाहिलं? एकेरी कंस दोन्हीकडे चालला असता.

फोनवर दुरुस्त ओळ एकेक अक्षर करून सांगितली, त्यांनी ती बदलून स्क्रिप्ट पुन्हा चालवली. तिवारीजींचं नाव इकडच्या यादीत आलं.

"अम्मा को बता दूँ?"

"एक बार और चला के देखिए," मी म्हटलं. तोवर त्यांनी फोन ठेवला होता.