केबलवरची मंगलाष्टकं

प्रिय हृषीकेश,

‘प्रिय’ हा मायना आहे. संस्कृत शिकवणाऱ्या बाईने मायना गाळू नये म्हणून लिहिला, त्यावरून हुरळून जाऊ नकोस. पाकिटावर माझं नाव पाहून तुला वाटलं असेल, यशोधराबाईंची केबलची तक्रार आली. तक्रार कसली करणार? माझ्या घरी तुझी केबल उरली नाही, गल्लीतही कोणाकडे नाही. परवा तू शिडीवर चढून शेवटची वायर गुंडाळत होतास, ते मी गच्चीतून पाहिलं. पाहता पाहता पोहे खात होते. वर शेव आणि जिरावण मसाला, दोन्ही. फार चवीचे लागले.

माणसं अशी एकाएकी कशी फुटली, भिया, असं तू चौकात भेटेल त्या भाईला विचारत फिरतोस म्हणे. फुटली नाहीत, मी फोडली. सुरुवात घरापासून केली. आमच्या ह्यांनी, सुधाकरांनी, नवा टीव्ही आणला तेव्हा इंटरनेटची जोडणी घ्यायला मीच लावली. त्यांना लग्नाआधीचं सगळं ठाऊक आहे, त्यामुळे त्यांनी कारण विचारलं नाही. मग समोरच्या प्रेमलताजी. मालिका आपल्यासाठी थांबते यावर त्यांचा विश्वासच बसेना. मी नायिकेला चक्कर येता येता थांबवलं, आत जाऊन चहा केला, दोघींनी तो सावकाश प्यायला आणि मग नायिकेला पडू दिलं. त्याच संध्याकाळी प्रेमलताजींनी तुझा सेट-टॉप बॉक्स काढून कपाटावर टाकला. पुढे दर रविवारी एक घर घेतलं. पासवर्ड लक्षात राहत नाही म्हणणाऱ्यांना कुलदैवताचं नाव घालून दिलं. मोहल्ल्यात आता मला फार सेवाभावी समजतात. मी नाही म्हणत नाही.

एवढा राग कशाचा, असं तू मनात म्हणशील. तू मला सोडलंस याचा नाही. तो हिशेब मी कधीच मिटवला. पूर्णिमाचे वडील महूहून डिश अँटेना आणि अँप्लिफायर द्यायला तयार होते, आणि माझ्या बाबांकडे, म्हणजे आपल्या गोपीनाथ मास्तरांकडे, जावयाला द्यायला शब्दरूपं आणि धातुरूपं. तुला केबलचा धंदा टाकायचा होता. धातुरूपांवर चॅनल दिसत नाहीत, हे मलाही कळत होतं. काकांच्या हाती निरोप पाठवून तू लग्न मोडलंस, तेही मी गिळलं.

पण आपलं ठरलं होतं तेव्हा मी आपल्या लग्नासाठी मंगलाष्टकं रचली होती. शार्दूलविक्रीडितात, दोन्ही घरांची नावं गुंफून, बाबांकडून एकेक ओळ तपासून घेऊन. त्यांची प्रत तुझ्याकडे राहिली. ती परत मागायचं मला सुचलं नाही, कारण कोणी ती वापरेल असं सुचण्याइतकं माझं मन वाईट नव्हतं. ते तू नंतर केलंस.

तुझं लग्न तू तुझ्याच नव्या चॅनलवर दाखवलंस. आठवडाभर, रोज दुपारी. बातम्या लावायला बाबांनी टीव्ही सुरू केला आणि पडद्यावर तू मुंडावळ्या बांधून उभा. मी दारात होते. तुझ्या आत्याने माइक हातात घेतला आणि माझी पहिली ओळ म्हटली. मग दुसरी. जिथे माझं नाव होतं तिथे पूर्णिमाचं घातलेलं. माझ्या नावाची अक्षरं चार, तिच्या नावाची तीन. आत्याने ‘पू’ इतका ताणला, की अक्षता टाकणारे हात हवेत थांबले. बाबांनी टीव्ही बंद केला नाही. बंद केला असता तर ते आपल्याला लागलंय, हे माझ्यासमोर कबूल करावं लागलं असतं. ते शेवटपर्यंत बसले आणि एवढंच म्हणाले, “वृत्त मोडलं गं, पोरी.”

त्यानंतर त्यांनी माझी कुठलीच रचना तपासली नाही. मीही काही रचलं नाही. शेजारपाजारचे मात्र महिनाभर येऊन सांगत होते, मास्तर, काय सुंदर मंगलाष्टकं होती त्या लग्नात.

तुझी वायर तोडली की माझं समाधान होईल, असा माझा अंदाज होता. झालंही, साधारण पोहे संपेपर्यंत. मग काल दुपारी पूर्णिमा आली. तुमच्या अबोलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. तू तिला पाठवलं नव्हतंस, हे मी गृहीत धरते. तुझ्यात तेवढी हिंमत नाही. बसली, चहा घेतला, केबलबद्दल एका शब्दाने बोलली नाही. मग पर्समधून घडी घातलेला कागद काढला. म्हणाली, “ताई, ही मंगलाष्टकं ह्यांनी आमच्या लग्नात माझ्यासाठी स्वतः लिहिली होती. अबोलीलाही हीच हवीत. फक्त एका ओळीत चाल अडते, तुम्ही संस्कृतवाल्या, बघता का? आणि आत्या आता थकल्या, तर म्हणायलाही तुम्हीच उभ्या राहाल?”

‘स्वतः लिहिली’ हे तिने किती अभिमानाने म्हटलं, ते तू ऐकायला हवं होतंस. इतक्या वर्षांत तुझ्या हातून तिला मिळालेली बहुधा ती एकच सुंदर गोष्ट आहे, आणि तीही माझी. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. पण तिने मागितली होती ती मदत. तिला शिक्षा कशाला? तिच्यावर माझा राग नाही. मी तिला हो म्हटलं.

म्हणून हे पत्र. ओळ दुरुस्त झाली आहे. अबोलीचं नाव वृत्तात असं बसलंय, की बाबा खूश झाले असते. त्या पोरीच्या आशीर्वादात मी काडीचीही कसर ठेवलेली नाही. फक्त शेवटचं कडवं नवं रचलं आहे. कवीने शेवटी आपलं नाव गुंफायची जुनी रीत आहे, त्याप्रमाणे गोपीनाथांची मुलगी यशोधरा हिने हे आधी कोणाच्या लग्नासाठी रचलं होतं, ते साध्या, सगळ्यांना कळेल अशा मराठीत सांगितलं आहे. कागदावर ते कोणालाच देणार नाही. माइक माझ्या हातात असेल आणि तू अंतरपाटाशेजारी उभा असशील. लग्नाला अजून दोन आठवडे आहेत. तेवढ्यात पूर्णिमाला तू स्वतः, कोणा काकाला मध्ये न घालता, खरं सांगितलंस, तर ते कडवं मी गाळीन. नाही सांगितलंस तर म्हणेन. तुझं चॅनल आता राहिलं नाही, म्हणून सोहळा इंटरनेटवर थेट दाखवणार आहात, असं तीच म्हणाली. छान आहे. केबलवर एकदा गेलं की गेलं. इथे लोकांना नीट ऐकू आलं नाही, तर मागे नेऊन पुन्हा ऐकतात.

तुझी माजी ग्राहक,
यशोधरा