आठवा मुद्दा

३ मार्च, सोमवार

समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यता द्यावी का, यावर सरकारी समितीने नागरिकांची मते मागवली आहेत. सरकारात कायद्यांचे मसुदे लिहून निवृत्त झालेला मी, म्हणून आमच्या इमारतीचे सेक्रेटरी विरोधाचा मसुदा मागायला आले. "आम्ही लिहिलं तर भांडण वाटेल, साहेब. तुम्ही लिहिलंत तर कायदा वाटेल."

आठ मुद्दे लिहून दिले. माझे नाव कुठे येऊ नये, एवढे बजावले. भाषा माझी, मत त्यांचे — अशी स्वतःची समजूत घातली.

माझी लेक हाच कायदा व्हावा म्हणून चौकाचौकांत सभा घेते. चार वर्षे ती तिच्या मैत्रिणीबरोबर संसार करते आहे. घरात सर्वांना ठाऊक आहे. मलाही.

११ मार्च, मंगळवार

मसुद्याच्या सहाशे प्रती सह्यांनिशी रवाना. सेक्रेटरींनी जिन्यात पाठ थोपटली. मला बरे वाटले. हे नोंदवणे भाग आहे.

१६ मार्च, रविवार

लेक आली, सोबत तिची मैत्रीण — रुग्णालयात परिचारिका आहे. टेबलावर कागद ठेवला. माझाच मसुदा.

"बाबा, शनिवारी समितीपुढे आमच्या बाजूने मी बोलणार आहे. हे लिहिणारा महाबेरकी आहे. याला उत्तर द्यायला तुमच्यासारखाच किचकट माणूस हवा."

"किचकट?" सौ. म्हणाली. "भाजीत मीठ कमी पडलं तर हे लेखी कळवतील."

परिचारिका हसली नाही. "काका, हिच्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही दोघं परगावी होता, सहीसाठी हिच्या मावशींना गावाहून बोलवावं लागलं. मी त्याच वॉर्डात ड्यूटीवर होते. माझी सही चालत नव्हती."

कबूल करण्याची वेळ तीच होती. मी चष्मा पुसत बसलो.

१९ मार्च, बुधवार

तीन संध्याकाळी बसून सात मुद्दे खोडून काढले. उरला आठवा: वारसा, दत्तक, निवृत्तिवेतन — सगळ्या कायद्यांत पती आणि पत्नी हेच शब्द आहेत, आधी ते सर्व बदला, मग हा करा. तीस वर्षांच्या नोकरीत इतका पक्का मुद्दा मी लिहिला नव्हता.

लेकीचा फोन. "आठव्याचं काय करायचं?"

"तो तांत्रिक आहे. राहू दे. कोणी विचारणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

उत्तर सापडत नव्हते, की शोधायचे नव्हते — ठरवता येत नाही.

२२ मार्च, शनिवार

सुनावणी. लेक उत्तम बोलली. समितीच्या प्रमुख बाईंनी कागद उलटला. "सातांची उत्तरं मिळाली. आठव्याचं?"

तिने सभागृहात मला शोधले. मग म्हणाली, "तो... तांत्रिक आहे."

दोन रांगा पुढे बसलेल्या सेक्रेटरींनी वळून मला डोळा मारला.

२८ मार्च, शुक्रवार

इतर कायद्यांचा आढावा पूर्ण होईपर्यंत प्रस्ताव स्थगित. मुदत नाही. कारण म्हणून आठवा मुद्दा शब्दशः दिला आहे. एक स्वल्पविरामही हललेला नाही.

३० मार्च, रविवार

लेकीच्या घरी जाऊन सांगितले — मसुदा माझा होता. ती बराच वेळ एकच पेला विसळत राहिली. मग म्हणाली, "आठव्याचं उत्तर होतं माझ्याकडे, बाबा. एका ओळीचं. सगळ्या कायद्यांत जिथे पती-पत्नी लिहिलंय, तिथे जोडीदार असं वाचावं. पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. तुम्ही राहू दे म्हणालात, म्हणून काढून टाकलं."