पट्टीवरची गुरं

सर, रेडिओवर तोंड उघडलंत की इंग्रजी आणि विमानातून उतरून तोंड उघडलंत की केळशी गावची बोली, अशी तुमची दोन तोंडं आम्हा शिकाऊ मंडळींच्या चेष्टेचा कायमचा विषय होती. वायुदलात उभा जन्म काढून आलात, तरी 'मेल्या' म्हटल्याशिवाय तुम्ही कुणाला काही शिकवलं नाहीत. मी फ्लाइंग क्लबात आले आणि तुमची पंचाईत झाली, कारण मुलीला मेल्या म्हणायचं कसं? मग तुम्ही मला 'बाय' म्हणायला लागलात, आणि राग, माया, वैताग सगळं त्या एका शब्दात बसवायला लागलात. "बाय, नाक खाली." "बाय, हा काय नांगर धरलायस काय?" मी संगमेश्वराकडच्या शेतकऱ्याची नात, त्यामुळे नांगराचा टोमणा बरोबर लागायचा आणि तुम्ही तो मुद्दाम मारायचात. आता मीच शिकवते, माझे केस पांढरे झालेत, आणि पोरं मला मॅडम म्हणतात. बाय म्हणणारं कुणी उरलं नाही, आणि त्याचं मला इतकं वाईट वाटेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

रत्नागिरीचं शिबिर आठवतं का तुम्हाला? मी तरी काय विचारतेय! ऐंशीच्या दशकातला एप्रिल महिना. मुंबईच्या आकाशात मोठ्या विमानांच्या गर्दीत आमच्या चिमुकल्या विमानांना कोपरासुद्धा मिळेना, म्हणून क्लबाने आम्हाला रत्नागिरीच्या धावपट्टीवर नेलं होतं. राहायला पत्र्याची शेड, दुपारी आत बसवत नाही अशी. संध्याकाळी तुम्ही स्टोव्हवर सुके बोंबील भाजायचात, वर खोबरेल आणि तिखटमीठ, आणि मग नकाशांपासून हेडफोनपर्यंत सगळ्याला तो वास. मुंबईची पोरं नाकं मुरडायची. मी मात्र भाकरी घेऊन तुमच्या शेजारी ठाण मांडायचे, आणि पहिला बोंबील तुम्ही माझ्या भाकरीवर ठेवायचात. आईबाप सोडून दुसऱ्या कुणी मला पहिला घास दिला असेल तर तो तुम्हीच, आणि हे मी तुम्हाला एकदा तोंडाने सांगायला हवं होतं.

त्या शिबिरात माझं काय पणाला लागलं होतं ते तुम्हाला ठाऊक नाही असं मी समजत होते. बाबा क्लबाच्या हँगरमध्ये फिटर, आणि कामगारांच्या मुलांना सवलत होती म्हणून मी उडत होते. खासगी लायसन्स मिळालं होतं, पण त्यावर नोकरी मिळत नाही. व्यावसायिक लायसन्सच्या परीक्षेला तुमची शिफारस हवी, आणि शिफारशीआधी एकटीने लांबचं उड्डाण करून दाखवायला हवं. इकडे गावी बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठे काका, घरातला शेवटचा शब्द त्यांचा, ते बाबांना बजावून बसले होते. "ह्या शिबिरात झालं तर झालं. नायतर लांज्याचं स्थळ हाय, मी होकार कळवून टाकतो." बाबांनी मान डोलावली होती. बाबा कधीच भावासमोर बोलायचे नाहीत, त्याचा मला तेव्हा संताप यायचा.

आणि नेमका धूर. पावसाच्या आधी आपल्याकडे रोपांच्या वाफ्यांवर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, ती भाजावळ त्या दिवसांत जिल्हाभर चालू होती. त्यात समुद्राची दमट हवा मिसळली की सकाळी डोक्यावर आभाळ निळंशार आणि समोर बघावं तर नुसतं ताक. नजर, म्हणजे किती लांबवर दिसतं ते, एवढी कमी असताना नियमाने उडता येत नाही. पण एक सोय असते, स्पेशल क्लिअरन्सची. दीड किलोमीटर जरी दिसत असलं आणि खालची जमीन सारखी नजरेत राहत असली, तर टॉवर धावपट्टीच्या आसपास येण्याजाण्यापुरती खास परवानगी देतो. आपणहून मात्र तो ती देत नाही, ती वैमानिकाने मागायची असते. तुम्ही आम्हाला शेडच्या दारात बसवून सांगितलं होतंत, "टॉवरवाला काय तुमच्या डोळ्यांत बसलेला नाय. तुम्ही दिसतंय म्हणालात की तो बिचारा दिसतंय असं धरून चालतो. तेव्हा मागायच्या आधी स्वतःला विचारा." आम्ही माना डोलावल्या. मी तर जरा जास्तच डोलावली, कारण मला वाटायचं की हा धडा मुंबईच्या पोरांसाठी आहे. माझं आजोळ रत्नागिरीला लागूनच असलेल्या भाट्याचं, सगळ्या सुट्ट्या त्या किनाऱ्यावर गेलेल्या. माझ्या गावात मला कोण चकवणार?

तो दिवस अजून माझ्या अंगावर येतो. विजयदुर्गापर्यंत जाऊन आपण किनाऱ्याने परत येतोय, मी डावीकडे, तुम्ही उजवीकडे हाताची घडी घालून. खाली बघितलं की माड मोजता येतायत, समोर बघितलं की ताक. मी ऐटीत टॉवरकडे स्पेशल क्लिअरन्स मागते, ती मिळते. थोड्याच वेळात खाली खाडीचं तोंड येतं. खाडीच्या अलीकडे सुरूचं बन, पलीकडे टेकाडावर किल्ल्याची भिंत. आलं की भाट्ये! जरा लवकर आलं खरं, पण मागून वारा लागला असेल. तुम्ही विचारता, "कुठे आहोत?" मी म्हणते, "भाट्याची खाडी, सर." तुम्ही म्हणता, "शहर कुठाय?" मी म्हणते, "धुरात आहे." तुम्ही म्हणता, "बंदर?" मी म्हणते, "तेही धुरात." सर, केवढा सोयीचा होता तो धूर! जे दिसलं ते मी माझ्या खात्यात घातलं आणि जे दिसलं नाही ते त्याच्या. मी उजवीकडे वळते, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर येते, आणि समोर लांबलचक, काळसर, सपाट पट्टी. झालं! मी वेग कमी करते, विमान खाली आणते, आणि बघते तर पट्टीवर गुरं.

मला कसला राग आला म्हणून सांगू! एवढ्या लोकांची ये-जा असलेली जागा आणि गुरं सोडतात म्हणजे काय! मी बटण दाबलं आणि टॉवरला चांगलं झापलं, "पट्टीवर गुरं आहेत, आधी ती हाकला." मग त्या माणसाचा आवाज आला, अगदी सावकाश, जणू लहान मुलाशी बोलतोय, "पट्टी मोकळी आहे. मी तिच्याकडेच बघतोय. तुम्ही कुठे आहात?" तुम्ही न ओरडता म्हणालात, "माझ्याकडे दे," आणि आपण वर चढलो. खाली कातळावर एक म्हातारा हातातली काठी उगारून आपल्याला शिव्या घालत होता, ते मी वळताना पाहिलं. ती पूर्णगडची खाडी होती, आणि ती पट्टी म्हणजे सड्यावरचा नुसता कातळ. तिलाही अलीकडे सुरू, पलीकडे किल्ला. मुंबईच्या पोराने ती चूक केलीच नसती, त्याने नकाशा काढला असता. ती चूक करायला माणूस रत्नागिरीचाच लागतो. पुढे बऱ्याच वेळाने खरी भाट्याची खाडी आली, तिच्यावरचा पूल, पलीकडे शहराची कौलं, सगळं जागच्या जागी, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

उतरल्यावर सगळ्यांसमोर माझी भादरपट्टी होणार म्हणून मी तयारीत होते. तुम्ही मला वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या विंडसॉकच्या खांबापाशी नेलंत, इतरांना ऐकू जाणार नाही इतकं लांब. "बाय, तुला दिसत नव्हतं गो. तुला आठवत होतं." एवढंच. मग खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिलात आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहिलात, माझं रडून होईपर्यंत. मी विचारलं, "सर, आधीच का नाही सांगितलंत?" तर म्हणालात, "आधी सांगितलं असतं तर तू माझं ऐकलं असतंस. त्याचा काय उपयोग?" आणि मग खो खो हसत सुटलात, "टॉवरला म्हणते गुरं हाकला!" मी रडता रडता तुमच्यावर चिडले आणि चिडता चिडता हसले. तो रुमाल मी धुऊन परत केला, हे बरीक आठवतं.

शिबिराच्या शेवटून दुसऱ्या दिवशी माझं एकटीचं उड्डाण ठरलं. बाबा रजा काढून एसटीने आले होते, आणि मोठे काका गावाहून, पांढरी टोपी घालून, जणू पंचायतीला. दोघं कुंपणापाशी उभे. सकाळी पुन्हा तोच धूर. दक्षिणेला हवा मोकळी असल्याचं कळलं होतं, म्हणजे आपली पट्टी सोडून थोडं बाहेर पडलं की काम झालं, आणि तेवढ्यासाठीच तर स्पेशल क्लिअरन्स असते. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "आज मी काय बोलणार नाय. विमान तुझं." मी पट्टीच्या टोकाला गेले. टॉवरने सांगितलं, नजर दोन किलोमीटर, काय करणार? म्हणजे स्पेशल क्लिअरन्सच्या नियमात बसत होतं. दोन शब्द बोलायचे, की मी वर. पाठीमागे कुंपण, बाबा, काका, लांजा. इंजिन घरघरतंय, आणि तो माणूस वाट बघतोय. मी बटण दाबलं आणि म्हणाले, "परत येतेय."

परत येईपर्यंत काका कुंपणाच्या आत शिरले होते. "काय झालं गो? पेट्रोल संपलं?" बाबांचा चेहरा असा, की मला विमानातून खाली उतरूच नये असं वाटलं. तुम्ही चालत आलात, माझ्याकडे बघितलंतसुद्धा नाहीत, थेट काकांपुढे उभे राहिलात. "पोरगी तयार हाय तुमची. मी शिफारशीचा कागद आजच लिहून ठेवतो." काका म्हणाले, "तयार? उडली कुठे ती?" तुम्ही म्हणालात, "वर जायला हिंमत लागते ती सगळ्यांकडे असते ओ. एवढी माणसं बघायला आली असताना मागे फिरायला जी लागते ती मी हिच्यात बघत होतो. उद्या दुपारी वारा फिरला की जाईल ती. लांज्याच्या मंडळींना माझा नमस्कार सांगा." आणि काय आश्चर्य, आमचे बाबा बोलले! भावासमोर, जन्मात पहिल्यांदा. "दादा, साहेब सांगतायत ते ऐकूया." काकांनी टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्रावरून वारा सुटला, धूर आत घाटाकडे ढकलला गेला, आणि मी गेले आणि आले. ते उड्डाण मला फारसं आठवत नाही.

पुढचं सगळं त्या कागदावर उभं आहे, सर. नोकरी, घर, बाबांचं म्हातारपण सुखात गेलं ते, आणि मोठे काका मरेपर्यंत येईल-जाईल त्याला 'आमची पुतणी पायलट' म्हणून सांगत राहिले ते. तुम्ही अंथरुणात, झोपेत गेलात, आपल्या धंद्यातल्या माणसाला याहून चांगलं मरण कुठलं. मी तेव्हा दूर होते. तुमचे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत. हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. तुमच्या मुलाला दिलं तर तो चौकट करून भिंतीवर लावेल, आणि पुढचं कुणाच्या भिंतीवर लागावं असं नाही.

त्या सकाळी मी नजर मोजली नव्हती. नियम तोलला नव्हता, पूर्णगडचा धडा आठवला नव्हता, काही काही नव्हतं. मी भ्याले होते. मला मरायचं नव्हतं, आणि त्या क्षणी लांज्याला लग्न करून जाणं मला मरण्यापेक्षा बरं वाटलं, म्हणून मी फिरले. तुम्ही त्याला हिंमत म्हणालात, समज म्हणून कागदावर लिहिलंत, आणि मी ते घेतलं. दुसऱ्या दिवशी मी वर गेले ती तुम्ही काकांना ते सांगितलंत म्हणून. नंतर इतकी वर्षं भेटत राहिलो, बोंबील खात राहिलो, पण 'का गो परत आलीस?' हे तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. त्याचेच आभार मानायला आज बसले, सर. विचारलं असतंत तर मी खोटं बोलले असते.