चिंचेच्या कळ्या आणि खरवईचे घर

मी, शीला रामभाऊ भालेराव, वय एकाहत्तर, वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार खरवई, बदलापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, स्वतःच्या हाताने लिहिते आहे. गुडघे साथ देत नाहीत. डोके ठीक आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. माझा सूक्ष्मदर्शक आणि कळ्यांच्या कापांच्या सर्व काचपट्ट्या माझी विद्यार्थिनी उन्नती हिला द्याव्यात. चिंचेच्या कापांचा डबा वेगळा आहे. उमललेल्या चिंचेच्या फुलात तीनच पाकळ्या नजरेत भरतात. अगदी कोवळ्या कळीचा काप पाहिला की पाचही सुरू झालेल्या दिसतात. त्यांतल्या दोन पुढे केसासारख्या बारीक राहतात. हे बघण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि सुखात गेली.

२. पुस्तके माझे उल्हासनगरच्या कॉलेजातले सहकारी हरिचंद्र यांना द्यावीत. बहावा, चिंच, आपटा एका कुळातले आणि बाभूळ निराळ्या, असे ते जुन्या मांडणीप्रमाणे शिकवत. मी म्हणे, शेंगा धरणारे हे सगळे एकच कुळ, आणि बहावा चिंचेपेक्षा बाभळीला जवळचा. यावरून आमचे बोलणे बंद झाले होते. डीएनएच्या अभ्यासावरून नवी मांडणी आली, तेव्हा ते नाश्त्याला सिंधी दालपकवान घेऊन घरी आले आणि दारातच म्हणाले, "बाई, बहावा तुमच्याकडे गेला." तो जुना राग मी येथे रीतसर सोडते.

३. खरवईचे घर, त्यातील उरलेल्या सामानासह, नवसी हिलम हिला द्यावे. ती बारवी धरणाकडच्या आदिवासी पाड्यावरची. तिकडे कळ्या गोळा करताना उतारावर माझे खुब्याचे हाड मोडले. तिने आणि पाड्यावरच्या बायकांनी मला चादरीच्या झोळीतून सडकेपर्यंत आणले. दवाखान्यात ती सोबत राहिली, मग घरीही. तिचा नवरा वारला होता; मी एकटीच होते.

४. अंबरनाथची वडिलोपार्जित खोली भाचा राजेश याची. गेल्या वर्षी जेवताना त्याने विचारले, "आत्या, ती आपली कोण?" नवसीने ऐकले. सकाळी ती गाठोडे बांधून निघाली. मी काठी टेकत फाटकापर्यंत गेले आणि म्हणाले, "तू गेलीस तर मीही पाड्यावर येते. चढ झेपणार नाही, पण येते."  ती गाठोडे घेऊन आत गेली.

राजेश, तू वाईट नाहीस. तापात माझ्याच मांडीवर झोपायचास. तिला मावशी म्हण आणि घरी येत जा. ती तुला उपाशी जाऊ देणार नाही.

५. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा करावा. भाषणे नकोत.

हा मजकूर मी नवसीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बाय, घर मला दिलंस, तं तू कुठं राहशील?" हे सगळे मी गेल्यानंतरचे आहे, असे तिला समजावले.

"मंग फाड त्यो कागद," ती म्हणाली.

फाडलेला नाही. ती आत साक्षीदारांसाठी चहा टाकते आहे, तोवर सही करते.

सही: शीला रामभाऊ भालेराव
ठिकाण: खरवई, बदलापूर
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली:
१. डॉ. कीर्ती सोनावणे
२. राजेंद्र म्हात्रे, शेजारी