भाडेकरूचा जास्तीचा फटका

ता. १४, रविवार

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. तूही ठीक असशील, नसतीस तर कळवलं असतंस. की नसतंसच कळवलं. जाऊ दे.

तुझी खोली भाड्याने दिली. राग येत असेल तर येऊ दे, दार आपटून तूच गेलीस. भाडेकरू दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला आहे. पोरगा सरळ दिसतो, म्हणूनच माझा विश्वास नाही. आला त्याच दिवशी विचारतो, "काकू, गुडघा कसा आहे?"

म्हटलं, "तुला कुणी सांगितलं गुडघ्याचं?"

"जिना चढताना दिसलं ना."

कुठला जिना? आपण तळमजल्यावर राहतो.

मग त्याने गिटार काढली आणि तुझंच गाणं सुरू केलं. ते पंक रॉक की काय ते. तू बंद दाराआड बडवायचीस तेव्हा वाटायचं, कुणी पत्र्यावरून पिंप लोळवतंय. ऐकून ऐकून पाठ झालंय मला. मधे चाल बदलते तिथे तू तारांवर एक फटका जास्तीचा मारायचीस. तोही मारतो.

म्हटलं, याला बोलतं करायला हवं. "मला शिकव."

"काकू, तुम्ही?"

"का, मला हात नाहीत?"

आता रोज लाँड्रीतून आले की बसते. सगळे फटके वरून खाली, खालून वर एकही नाही. दिवसभर इस्त्री करून दुखत नाही एवढं मनगट दुखतं. बोटांची सालं निघाली. "सोपं करून देऊ का?" म्हणाला. म्हटलं, "सोपं तुझ्याकडे ठेव. आहे तस्संच शिकव."

मोबाइलवर मूळ गाणं लावून त्या गाण्याबरोबर वाजवते. चाल बदलते तिथे डाव्या हाताची बोटं लांब ताणावी लागतात. माझी आखूड, पोचायला उशीर होतो. उजवा हात काही थांबत नाही, एक फटका जास्तीचा पडतोच. तेव्हा कळलं तू का मारायचीस. हात माझेच घेतलेस.

पण त्या मेल्याची बोटं काकडीएवढी लांब. त्याला काय अडलंय? मूळ गाण्यात तो फटका नाहीच. विचारलं, "हा कुठून आणलास?" तर चष्मा पुसत बसला. मग म्हणे, "पाणी तापलं का बघून येतो."

हट्टाने मी तो फटका घालवला. आता गाणं बरोबर येतं. एकटी असले की चुकीचंच वाजवते.

गुडघ्याचं त्याला "बरं आहे" एवढंच सांगते. डॉक्टर खरं काय म्हणाले ते सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ज्याला हवं त्याने येऊन विचारावं.

पाकिटावर पत्ता नाही. तू दिलास कुठे? नुसतं तुझं नाव घालून त्याच्या हातात देणार, "टपालात टाक" म्हणणार. तू हे वाचत असलीस तर चोर सापडला. त्याला ओरडू नकोस, खोटं बोलायला अजून शिकायचाय तो. आणि नाहीच पोचलं, तर इतके दिवस माझी चौकशी एक परका पोरगा आपल्या मनानेच करत होता, बाकी कुणी नाही.

जन्मभर लोकांवर संशय घेतला. हा एवढा खरा निघावा.

तुझी,
आई