फ्रिज बंद राहिला त्याबद्दल

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरलाय, म्हणून सध्या अर्धाच समजा. उरलेला भेटल्यावर.) तुमचं बीपी काय म्हणतंय? साडूभाऊंची कवळी बसली का, की अजून खिशातच असते? आम्ही दोघं मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तुमच्या भाचीने सिनेमा काढलाय. मोठा नाही, वीस मिनिटांचा, शाळेच्या स्पर्धेसाठी. एक बाप, त्याची सोळा वर्षांची मुलगी, आणि घरात तिसरं माणूस होतं ते आता नाही. मी म्हटलं, अगं, ही तर आपलीच गोष्ट. तर म्हणाली, नाही, यातला बाप बोलतो. (हे ती सहज म्हणाली. मीही सहज ऐकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळाचा वॉशर बदलला. जुना चांगला होता.)

बापाचं काम मलाच मिळणार असं मी धरून चाललो होतो. सोळा वर्षांचा अनुभव आहे. वाक्य एवढंच, मुलगी उशिरा घरी येते आणि बाप विचारतो, जेवलीस का. मी ते अकरा वेळा म्हणून दाखवलं. पहिल्यांदा फौजदारासारखं निघालं, दुसऱ्यांदा वेटरसारखं, आणि पुढे तर कॅमेरा लागला की माझा हात आपोआप कमरेवर जायला लागला. शेवटी ती म्हणाली, "बाबा, कॅमेरा दिसला की तू ॲक्टिंग करतोस." मी विचारलं, मग सिनेमात काय करायचं असतं? तिने उसासा टाकला, अगदी हिच्यासारखा, तुमच्या बहिणीसारखा. काम गेलं खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे. माणसाचं लग्नसुद्धा झालेलं नाही, ताई. पण माझा स्वेटर आणि माझा चष्मा घालून त्याने 'जेवलीस का' असं काही विचारलं की दाराआडून मीच 'हो' म्हणणार होतो.

मला फ्रिजखातं मिळालं. माइकमध्ये फ्रिजची घरघर येते, म्हणून शूटिंग चालू असेपर्यंत तो बंद ठेवायचा आणि झालं की चालू करायचा. बावीस वर्षं लोकांचे फ्रिज दुरुस्त करतोय, तेव्हा माझ्या फ्रिजला दुसऱ्या कुणी हात लावणं मला चालणार नव्हतं. खरं कारण निराळं होतं. फ्रीझरमध्ये हिचा एक डबा आहे. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ठेवलेला, झाकणावर कागदी पट्टी, पट्टीवर हिच्या अक्षरात तारीख. आत काय आहे ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. अकरा महिने कुणी उघडला नाही, कुणी टाकला नाही, त्याबद्दल कुणी बोललंही नाही. बर्फाचा ट्रे ठेवायचा तर डब्याला धक्का न लावता ठेवायचा, एवढं न ठरवता ठरलं होतं.

शेवटच्या दिवशी माइकवाली मैत्रीण म्हणाली की खोलीचा नुसता आवाज एक मिनिट घ्यायचाय. कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. नंतर बोलण्याखाली तो जोडतात म्हणे. मी मनात म्हटलं, शांतताच हवी असेल तर बरोबर घरी आलात. उभे राहिलो. फ्रिज बंद, नळ माझ्या कृपेने गप्प. शिंप्याचं नाक किंचित वाजत होतं. आणि शेजारी उभी असलेली पोरगी आवंढा गिळत होती. दोनदा गिळला. लहानपणी रडू दाबायची तेव्हा असंच करायची. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं फार वाटलं, पण शर्टाची बाही वाजली असती. मिनिट फार लांब असतं, ताई.

'कट' ऐकलं आणि मी हत्यारांची पिशवी उचलून बाहेर पडलो. एक बाई सकाळपासून माझी वाट बघत होत्या. त्यांना मी अर्धा तास झापलं, फ्रिज असा बंद ठेवतात का म्हणून. संध्याकाळी घरी आलो तर स्वयंपाकघरात तळं, आणि तळ्याकाठी पोरगी, मांडीवर डबा घेऊन.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "उघडूया?" म्हणाली. मी म्हटलं, "उघड."

वाटाणे. सोललेले वाटाणे, ताई. चिठ्ठी नाही, काही नाही. अकरा महिने आम्ही वाटाण्यांच्या मर्जीने वागत होतो. आधी कोण हसलं आठवत नाही, आणि ते हसणं कुठे संपलं तेही सांगता येणार नाही. मग मीठ घालून उकडले. पार गाळ झाला. समोरासमोर बसून खात होतो, आणि मला काय झालं कोण जाणे, मी विचारलं, "जेवलीस का?" तिच्या तोंडात घास होता. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जेवतेय, बाबा."

कॅमेरा बंद होता.

बाकी ठीक. तुमची गोळी वेळेवर घेत जा.

तुमचा,
फ्रिजवाला

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. जेवण झाल्यावर सवयीने मी डबा धुतला. साबण लावून. तारीख गेली. पोरीला वाटतंय तिच्या मांडीवर असतानाच ती पुसली गेली, स्वतःला बोल लावत फिरते, आणि माझं तोंड उघडत नाही. तुमच्याकडे हिचं एखादं जुनं पाकीट, एखादी यादी असेल, आकडे असलेली. पाठवा. चार दिवस गिरवतो आणि नव्या पट्टीवर लिहून लावतो. तिला कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. मावशी, पत्र टाकायला बाबाने माझ्याकडेच दिलं, आणि पाकीट चिकटवायला विसरला. डब्याला साबणाचा वास येत होता, मला तेव्हाच कळलं. माझ्याच हातून पुसली असं म्हटलं, कारण त्याचा चेहरा बघवत नव्हता. तारखेचा शॉट मी पहिल्याच दिवशी घेऊन ठेवलाय, काही हरवलेलं नाही. पण तू कागद नक्की पाठव. तो टेबलाशी बसून आईचे आकडे गिरवेल तेव्हा मी दाराआडून शूट करणार आहे. सिनेमाला शेवट मिळत नव्हता. त्याला सांगू नकोस. कळलं की तो ॲक्टिंग करतो.